प्रश्न क्रमांक २१



अमेरिकेच्या संघ सरकारचा एक अर्ज आहे. ‘स्टँडर्ड फॉर्म ८६’ हे त्याचे नाव. शंभराहून अधिक पानांचा हा अर्ज ज्याला भरावा लागतो, त्याला आपण कोठे कोठे राहिलो, कोठे नोकरी केली, परदेशात कोणते नातलग आहेत, डोक्यावर कर्ज किती, कधी अटक झाली होती काय, मद्यपानापायी कधी अडचणीत आलो होतो काय, हे सारे लिहून द्यावे लागते. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, गुप्तवार्ता, अणुसंशोधन अशा खात्यांतील गोपनीय कागद ज्याच्या हाती पडणार, त्याची आधी झाडाझडती घेतली जाते आणि मग त्याला ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’, म्हणजे गोपनीय कामाची सुरक्षा-परवानगी मिळते. ही परवानगी असलेल्यांची संख्या अमेरिकेत चाळीस लाखांच्या घरात आहे. त्यात सैनिक आहेत, कारकून आहेत, संगणक अभियंते आहेत आणि सरकारी कंत्राटे घेणाऱ्या खासगी कंपन्यांतील साधे तंत्रज्ञही आहेत.

वॉशिंग्टनच्या आसपास, व्हर्जिनिया आणि मेरीलँड या राज्यांत वसलेल्या मराठी कुटुंबांनाही हा अर्ज अपरिचित नाही. पुण्या-मुंबईहून गेलेला अभियंता यथावकाश तेथील नागरिक होतो आणि एखाद्या दिवशी त्याच्यासमोर, किंवा तेथेच जन्मलेल्या त्याच्या मुलासमोर, हा अर्ज येऊन पडतो. भारतातील आई-वडील, काका-मामा यांची नावे तो निमूटपणे लिहितो. कर्जाचे आकडे लिहितो. आणि मग येतो प्रश्न क्रमांक २१. तो प्रश्न मनाच्या आजाराविषयी आहे.

येथे अनेकांचा हात थबकतो. थबकतो एवढेच नव्हे, तर या प्रश्नाच्या धास्तीने अर्ज भरण्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून माणसे डॉक्टरकडे जाणे टाळतात. झोप लागत नाही, छातीत धडधडते, जगण्यात रस उरलेला नाही. परंतु मानसोपचारतज्ज्ञाकडे नोंद झाली तर नोकरी जाईल, ही भीती त्यांच्या मनात घर करून असते. ही भीती कोठून आली, ती कितपत खरी आहे आणि तिच्यामुळे राष्ट्राची सुरक्षा बळकट होते की दुबळी, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. प्रसंग अमेरिकेचा असला, तरी त्यातला प्रश्न आपल्याही दाराशी उभा आहे.

या कहाणीच्या आरंभी एका मोठ्या माणसाचा मृत्यू आहे. जेम्स फॉरेस्टल हे अमेरिकेचे पहिले संरक्षणमंत्री. दुसऱ्या महायुद्धात नौदलाची धुरा वाहिलेल्या या कर्तबगार गृहस्थाने १७ सप्टेंबर १९४७ रोजी नव्या पदाची सूत्रे हाती घेतली. भूदल, नौदल आणि नुकतेच स्वतंत्र झालेले हवाई दल यांना एका छत्राखाली आणण्याचे काम त्यांच्याकडे होते. तिन्ही दलांची आपसांतील भांडणे, वृत्तपत्रांतून होणारी जहरी टीका आणि शीतयुद्धाचे वाढते सावट यांत या माणसाचे मन हळूहळू पोखरत गेले. जवळच्यांना ते दिसत होते, परंतु संरक्षणमंत्र्याच्या मनाला काही झाले आहे असे उच्चारणेच अशक्य होते. मार्च १९४९ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी त्यांना पदावरून मोकळे केले. पुढच्याच महिन्यात त्यांना बेथेस्डा येथील नौदलाच्या रुग्णालयात दाखल करण्यात आले. आजार तीव्र नैराश्याचा होता. देशाला मात्र सांगण्यात आले ते अतिश्रमाने आलेल्या थकव्याचे.

त्यानंतर जे घडले, ते विचार करण्यासारखे आहे. मनोरुग्णांसाठी सुरक्षित अशी जागा असताना या रुग्णाला सोळाव्या मजल्यावरील मान्यवरांच्या कक्षात ठेवले गेले. पदाचा मान राखायचा होता आणि आजाराचे नाव झाकायचे होते. २२ मे १९४९ च्या पहाटे त्याच मजल्यावरून खाली पडून त्यांचा अंत झाला. या मृत्यूविषयी तर्ककुतर्कांचा बाजार आजतागायत चालू आहे. त्यात शिरण्याचे कारण नाही. आजार झाकून ठेवल्यामुळे उपचार कसा अपुरा पडतो, एवढे त्या सोळाव्या मजल्यावरून स्पष्ट दिसते. राष्ट्राची सर्वांत मोठी गुपिते ज्याच्यापाशी होती, त्याला स्वतःचे दुखणे हे त्याहून मोठे गुपित म्हणून वागवावे लागले.

अमेरिकेच्या राज्यव्यवस्थेने या मृत्यूवरून कोणता धडा घ्यावा? आजार वेळीच ओळखून उपचार करावेत, हा एक. आजारी माणसाला दाराबाहेरच रोखावे, हा दुसरा. शीतयुद्धाच्या त्या काळात दुसरीकडे पावले वळणे स्वाभाविकच होते. सर्वत्र सोव्हिएत हेरांचा संशय दरवळत होता आणि तो अगदी निराधारही नव्हता. एप्रिल १९५३ मध्ये अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी क्रमांक १०४५० चा आदेश काढला. सरकारी नोकराची नेमणूक राष्ट्रीय सुरक्षेशी सुसंगत आहे की नाही हे तपासण्याचे निकष त्यात घालून दिले होते आणि निर्णयशक्ती वा विश्वासार्हता यांत मोठा दोष उत्पन्न करू शकेल असा मानसिक विकार हा त्यांपैकी एक होता. आदेशाची शब्दयोजना काळजीपूर्वक केलेली होती. सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्याचे मत हवे, असेही त्यात म्हटले होते. परंतु शासनाचा कागद आणि लोकांच्या मनातला कागद हे दोन वेगळे असतात. लोकांनी त्यातून एकच अर्थ घेतला : मनाच्या डॉक्टरची पायरी चढलास, की तू संशयित.

१९७२ साली या समजुतीवर जणू शिक्काच बसला. मिसुरी राज्याचे सिनेटर थॉमस ईगल्टन यांची डेमोक्रॅटिक पक्षाने उपाध्यक्षपदासाठी निवड केली. १९६० ते १९६६ या काळात ते नैराश्यापायी तीनदा रुग्णालयात राहिले होते आणि त्यांना विजेच्या झटक्यांचे उपचार घ्यावे लागले होते, ही गोष्ट उघडकीस आली. अठरा दिवसांत त्यांना माघार घ्यावी लागली. अण्वस्त्रांच्या कळीजवळ असा माणूस नको, असा सूर उमटला. गंमत अशी की, याच ईगल्टन यांना मिसुरीच्या मतदारांनी त्यानंतर दोनदा पुन्हा सिनेटवर पाठविले आणि १९८७ पर्यंत ते तेथे सन्मानाने काम करीत राहिले. ज्या जनतेने त्यांना जवळून पाहिले होते, तिला त्यांच्या जुन्या आजाराची धास्ती वाटली नाही.

आता प्रश्न क्रमांक २१ कडे वळू. त्याचे जुने रूप थोडक्यात असे होते : गेल्या सात वर्षांत भावनिक वा मानसिक तक्रारीसाठी तुम्ही कोणा वैद्यकीय व्यावसायिकाचा सल्ला घेतला आहे काय, किंवा रुग्णालयात राहिला आहात काय? उत्तर ‘होय’ असेल, तर डॉक्टरचे नाव, पत्ता, तारखा सारे द्या. वैवाहिक वा कौटुंबिक समुपदेशन आणि जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतरचे समुपदेशन यांना काही अटींवर सूट होती. या प्रश्नाची खोच पाहा. तो आजार विचारत नाही, उपचार विचारतो. ज्याला तीव्र आजार आहे, पण जो कधीच डॉक्टरकडे गेला नाही, तो अगदी प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहून मोकळा होतो. ज्याने वेळीच जाऊन चार महिने औषध घेतले आणि जो बरा झाला, त्याला ‘होय’ लिहून खुलासे करीत बसावे लागते. जो आग विझवतो, त्याचीच चौकशी, आणि जो धुमसत ठेवतो तो निर्धास्त, असा हा न्याय!

वस्तुतः कायदा याच्या बराच पुढे गेला होता. ऑगस्ट १९९५ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी क्रमांक १२९६८ चा आदेश काढला. केवळ मानसिक समुपदेशन घेतले एवढ्यावरून कोणाविरुद्ध प्रतिकूल निष्कर्ष काढता येणार नाही, उलट असे समुपदेशन पात्रतेच्या निर्णयात अनुकूल बाब ठरू शकते, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. म्हणजे आदेश एक सांगत होता आणि अर्ज दुसरेच शिकवीत होता. आदेश वाचणारे थोडे, अर्ज भरणारे लाखो. त्यामुळे शिकवण अर्जाचीच टिकली.

हा पेच सोडवण्याची घाई अखेर युद्धाने केली. इराक आणि अफगाणिस्तानातून परतणाऱ्या सैनिकांमध्ये मनावरील आघाताचे विकार मोठ्या प्रमाणावर दिसू लागले. रात्री दचकून उठणारे, गर्दीत घामाघूम होणारे, घरच्यांवर विनाकारण संतापणारे हे जवान डॉक्टरकडे जायला तयार नव्हते. कारण विचारले, की बहुतेकांच्या तोंडी या प्रश्नाचा उल्लेख येई. १ मे २००८ रोजी संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी टेक्सासमधील फोर्ट ब्लिस येथे जाहीर केले, की युद्धाशी संबंधित मानसिक त्रासासाठी घेतलेल्या समुपदेशनाची नोंद यापुढे या प्रश्नाच्या उत्तरात करावी लागणार नाही. पाच वर्षांनी, एप्रिल २०१३ मध्ये, लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्यांना तशीच सूट मिळाली.

गेट्स यांच्या घोषणेहून एका सेनाधिकाऱ्याच्या बोलण्याने अधिक काम केले असावे. कार्टर हॅम यांच्याकडे उत्तर इराकमधील सैन्याची जबाबदारी असताना, २१ डिसेंबर २००४ रोजी मोसुलच्या तळावर, भर जेवणाच्या वेळी भोजनगृहात आत्मघाती स्फोट झाला आणि २२ जण ठार झाले. हॅम स्फोटानंतर काही मिनिटांतच तेथे पोहोचले. जे दिसले, ते त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. मायदेशी परतल्यावर त्यांनी मदत घेतली. सैन्यातील धर्मोपदेशकाशी ते बोलत राहिले. २००८ मध्ये, सेनापतीच्या पदावर असताना, त्यांनी हे वृत्तपत्राला उघडपणे सांगितले. तेव्हा अनेकांनी भुवया उंचावल्या असतील. २०११ मध्ये हेच हॅम चार तारे लावून आफ्रिका विभागाच्या सेनादलाचे प्रमुख झाले.

तथापि, येथे एक रास्त शंका उपस्थित होईल, आणि ती टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. राष्ट्राची गुपिते ही काही कोणाची खासगी मालमत्ता नव्हे. ज्याला भास होतात, ज्याचा स्वतःच्या विचारांवर ताबा नाही, त्याच्या हाती अशी गुपिते द्यायची काय? व्यक्तीच्या भावना जपण्यासाठी कोट्यवधींची सुरक्षा पणाला लावायची काय? उत्तर निःसंदिग्ध आहे : नाही. राज्याला पारख करण्याचा अधिकार आहे, किंबहुना ते त्याचे कर्तव्य आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये वॉशिंग्टनच्या नौदल तळावर एका कंत्राटी तंत्रज्ञाने बारा जणांना गोळ्या घालून ठार केले. त्याच्यापाशी ‘सीक्रेट’ दर्जाची रीतसर परवानगी होती. आणि घटनेच्या महिनाभर आधी त्याने ऱ्होड आयलंडमधील पोलिसांना स्वतःच सांगितले होते, की आपल्याला आवाज ऐकू येतात, कोणीतरी आपला पाठलाग करीत आहे. पोलिसांनी ही गोष्ट तेथील नौदल तळाला कळवलीही होती. पुढे काही घडले नाही.

या घटनेचा आधार घेऊन नियम आणखी कडक करा, असे म्हणणारे पुष्कळ निघाले. परंतु अर्जातला प्रश्न कितीही कडक असता, तरी त्याचा येथे उपयोग कोणता होता? त्या काळी ‘सीक्रेट’ दर्जाची फेरतपासणी दहा वर्षांनी होत असे. माणसाचे मन काही दहा वर्षांच्या वेळापत्रकाने बिघडत नाही. जो संकेत डोळ्यांसमोर होता, तो कोणी मनावर घेतला नाही, आणि जे संकेत नव्हेत त्यांच्या नोंदी मात्र कपाटांतून भरून ठेवल्या गेल्या. अमेरिकेने पुढे ठरावीक मुदतीच्या फेरतपासणीऐवजी सतत नजर ठेवण्याची पद्धत आणली, ती या अनुभवानंतरच.

दुसरीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ज्यांनी अमेरिकेची गुपिते खरोखरच विकली, ते कोण होते? सीआयएमधील ऑल्ड्रिच एम्स १९९४ मध्ये पकडला गेला. त्याने सोव्हिएत आणि नंतर रशियन हेरखात्याकडून वीस लाख डॉलरहून अधिक पैसा घेतला आणि अमेरिकेसाठी काम करणाऱ्या अनेकांचे प्राण घालविले. १९८६ आणि १९९१ अशा दोन वेळा तो असत्यशोधक यंत्राच्या चाचणीतून सहीसलामत सुटला होता. पगाराशी विसंगत असे पाच लाख चाळीस हजार डॉलरचे घर त्याने रोखीने घेतले, तरी वर्षानुवर्षे तो पकडला गेला नाही. त्याचे मद्यपान कचेरीत सर्वांना ठाऊक होते. एफबीआयमधील रॉबर्ट हॅन्सन २००१ मध्ये सापडला, तो वीसएक वर्षे अधूनमधून हेरगिरी केल्यानंतर. लोभ, अहंकार, कर्ज आणि व्यसन या वाटांनी फितुरी आत शिरली. नैराश्यावर गोळ्या घेणाऱ्या कारकुनाच्या वाटेने नव्हे.

माणसाची पारख हा विषय आपल्या पूर्वजांना नवा नव्हता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पहिल्याच अधिकरणात अमात्यांच्या शुद्धतेची परीक्षा कशी घ्यावी, याचे सविस्तर विवेचन आहे. धर्म, अर्थ, काम आणि भय या चार मार्गांनी ही परीक्षा घ्यायची. तिला ‘उपधा’ असे नाव आहे. राजाच्या अन्यायाचे निमित्त करून, पैशाचे आमिष दाखवून, अंतःपुरातील खोटा निरोप पोहोचवून आणि बंदिवासाची धास्ती घालून गुप्तचर अमात्याला फितुरीकडे ओढू पाहतात. जो ज्या कसोटीला उतरेल, त्याला त्याप्रमाणे काम द्यायचे. धर्माच्या कसोटीवर शुद्ध ठरेल तो न्यायदानाला, अर्थाच्या कसोटीवर शुद्ध ठरेल तो कोषाला आणि करवसुलीला, भयाच्या कसोटीवर टिकेल तो राजाच्या निकटच्या कामाला. चारही कसोट्यांवर खरा उतरला तर मंत्री. आणि जो सर्वत्र नापास, त्यालाही हाकलून न देता खाणी, अरण्ये, कारखाने यांच्या व्यवस्थेवर नेमायचे. एकाच चाळणीने सर्वांना न चाळता, कोणता माणूस कोणत्या कामाला योग्य, हे पाहणारी ही दृष्टी आहे. शिवाय ही परीक्षा आचरणाची आहे. अमात्य काय करतो हे कौटिल्य पाहतो. त्याने कोणत्या वैद्याची मात्रा घेतली, हे विचारीत नाही.

परंतु या प्रकरणातील सर्वांत मोलाचा भाग अखेरीस आहे. पूर्वीच्या आचार्यांचे हे चार उपाय सांगून झाल्यावर कौटिल्य स्वतःचे मत देतो. या परीक्षांसाठी राजाने स्वतःला किंवा राणीला कधीही निमित्त करू नये, असे तो बजावतो. निर्दोष माणसाला परीक्षेच्या नावाखाली बिघडवणे, हे त्याच्या लेखी पाण्यात विष कालवण्यासारखे आहे. एकदा बिघडलेल्या मनाला औषध सापडेलच असे नाही, ही त्याची भीती आहे. राज्याच्या सुरक्षेविषयी जो इतिहासात कठोर म्हणून प्रसिद्ध आहे, त्या आचार्याने परीक्षा घेणाऱ्यालाच दिलेला हा इशारा आहे. परीक्षा अशी नसावी की तिच्यामुळेच चांगला माणूस वाईट व्हावा.

जुन्या एकविसाव्या प्रश्नाने नेमके हेच केले होते. त्याने प्रामाणिक माणसाला दोन वाटा दिल्या. दुखणे अंगावर काढ, किंवा खोटे लिही. पहिल्या वाटेने आजार वाढतो. दुसरी तर त्याहून घातक. या अर्जावर जाणूनबुजून खोटे लिहिणे हा अमेरिकी कायद्याने पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे; आणि लपवलेली गोष्ट ज्या दिवशी शत्रूच्या हेराला कळते, त्या दिवशी त्या माणसाच्या गळ्यात फास पडतो. जो उघड बोलला, त्याला कोण धाक घालणार?

उशिरा का होईना, तेथील शासनाला हे उमगले. नोव्हेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालक जेम्स क्लॅपर यांनी प्रश्नाच्या नव्या शब्दरचनेला मान्यता दिली आणि २०१७ मध्ये तो नव्या रूपात अर्जावर आला. आता न्यायालयाने मानसिकदृष्ट्या अक्षम ठरविले आहे काय, न्यायालयाच्या आदेशाने उपचार घ्यावे लागले काय, मानसिक विकारासाठी रुग्णालयात राहावे लागले काय, स्किझोफ्रेनिया, बायपोलर यांसारख्या काही नेमक्या विकारांचे निदान झाले आहे काय, आणि निर्णयशक्ती वा विश्वासार्हता यांवर लक्षणीय परिणाम करणारी स्थिती आहे काय, एवढेच विचारले जाते. साधे नैराश्य, चिंता, घटस्फोटानंतरचे समुपदेशन, बाळंतपणानंतरची उदासी यांसाठी डॉक्टरकडे गेलेला बहुतांश माणूस आता ‘नाही’ असे निःशंकपणे लिहू शकतो. आणि ज्याला ‘होय’ लिहावे लागते, त्याचीही दारे बंद होत नाहीत. जून २०१७ पासून लागू झालेल्या तेरा निकषांपैकी मानसिक स्थितीचा निकष सांगतो, की विकार उपचाराने आटोक्यात राहणारा असेल आणि माणूस ते उपचार सातत्याने घेत असेल, तो स्वतःहून डॉक्टरकडे गेला असेल, तज्ज्ञाने अनुकूल मत दिले असेल, तर या बाबी त्याच्या बाजूने धराव्यात. केवळ मानसिक स्थितीमुळे परवानगी नाकारली जाण्याची प्रकरणे तेथे अत्यल्प आहेत. कर्जबाजारीपणा आणि अर्जातील खोटेपणा यांनी बुडालेल्यांची संख्या मात्र मोठी आहे.

एवढे होऊनही भीती गेली काय? नाही. नियम एका सहीने बदलतो. अर्धशतक मुरलेली धास्ती तशी जात नाही. आजही तेथील अधिकाऱ्यांना सभा घेऊन, पत्रके काढून सांगावे लागते, की उपचार घ्या, परवानगी जाणार नाही. ऐकणारा मनात म्हणतो, यांचे काय जाते सांगायला!

आता थोडे आपल्याकडे. भारतीय सैनिकाची वैद्यकीय श्रेणी ‘शेप’ या पाच इंग्रजी अक्षरांनी ठरते. कान, हातपाय, शारीरिक क्षमता आणि डोळे यांची अक्षरे नंतर येतात. पहिले अक्षर ‘एस’ हे मनाचे आहे. आपल्या सेनेने मनाला अग्रक्रम दिला, ही चांगलीच गोष्ट. परंतु श्रेणी खालावली, तर नेमणूक आणि बढती यांवर परिणाम होतो, हे प्रत्येक जवानाला ठाऊक असते. आणि अमेरिकी सैनिकाला जे भय वाटे, ते सियाचिनवरून उतरणाऱ्या वा काश्मीरमध्ये दोन वर्षे काढून आलेल्या आपल्या जवानाला वाटत नसेल, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. गावी परतल्यावर तो गप्प गप्प राहतो. घरचे म्हणतात, लढाईवरून आला आहे, होईल ठीक.

आणि जवानाचेच कशाला? आपल्या पांढरपेशा घरांतूनही हा एकविसावा प्रश्न न छापताच विचारला जातो. सोयरीक ठरवताना विचारला जातो. म्हणून मुलीच्या गोळ्यांचे पाकीट कपाटाच्या तळाशी जाते आणि मुलाच्या आजाराला ‘ॲसिडिटी’ म्हटले जाते. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत दहा टक्क्यांहून अधिक प्रौढ कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने ग्रस्त आढळले आणि विकारागणिक त्यांपैकी सुमारे ७० ते ९२ टक्के उपचारांपासून दूर असल्याचे दिसले. संस्कारी घरात नैराश्य येत नाही, रोज मनाचे श्लोक म्हणणाऱ्याला औषधाची गरज नाही, अशी एक समजूत आपल्यात आहे. नामस्मरणाने, सत्संगाने, शाखेवरील खेळाने मनाला बळ मिळते, यात शंका नाही. परंतु मधुमेहाला आपण भजनाबरोबर औषधही देतो. मग मनानेच काय पाप केले?

ज्या ग्रंथाला आपण जीवनाचा दीपस्तंभ मानतो, त्याच्या पहिल्या अध्यायाचे नावच विषादयोग आहे. सर्वश्रेष्ठ धनुर्धर रणभूमीवर गलितगात्र होतो. तोंडाला कोरड, अंगाला कंप, हातातून धनुष्य निसटते आहे, उभे राहवत नाही. आजच्या डॉक्टरने टिपून घ्यावीत अशी ही लक्षणे आहेत. आणि अर्जुन ती दोन्ही सैन्यांच्या मधोमध, आपल्या सारथ्याला स्पष्ट शब्दांत सांगतो. लपवीत नाही. श्रीकृष्णही त्याला कानपिचक्या देतात, परंतु रथातून उतरवीत नाहीत, दुसरा योद्धा शोधत नाहीत. अठरा अध्याय त्याच्याशी बोलतात आणि मग तोच अर्जुन लढतो.

आपल्याकडे कायदा आता बराच अनुकूल आहे. मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाच्या माहितीची गोपनीयता हा त्याचा हक्क ठरविला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली आणि डिसेंबर २०२३ मध्ये तिचा सैनिकांसाठीचा विशेष कक्ष पुण्यातच, सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात उघडण्यात आला. ज्या घरातला मुलगा सैन्यात आहे, पोलिसांत आहे, किंवा सातासमुद्रापार तो अर्ज पुढ्यात घेऊन बसला आहे, त्या घराने त्याला फोनवर पगार आणि बढती यांच्या आधी झोप लागते का, हे विचारावे. अर्ज भरणाऱ्याने तर प्रश्न नीट वाचावा, विचारले तेवढ्याचे खरे उत्तर द्यावे आणि उपचार चालू ठेवावेत. ‘टेलि-मानस’चा क्रमांक १४४१६ आहे. तो रात्रंदिवस चालू असतो आणि त्यावर मराठीतही बोलता येते.